मोबाईल स्टार्टर असताना स्काडा कशाला?

प्रश्न: रामराम. आमची वाळवा तालुक्यात पाणीपुरवठा संस्था आहे, जॅकवेल (नदीतलं पाणी उचलायची विहीर) कृष्णेच्या काठाला आणि टाकी दोन किलोमीटरवर माळाला. सध्या सिमकार्डाच्या स्टार्टरवर फोन लावून मोटर चालू-बंद करतो. आता एकजण स्काडा (पंप आणि टाकी लांबून बघायची-चालवायची संगणकी यंत्रणा) बसवा म्हणून मागं लागलाय, पाटकऱ्याच्या (पंप आणि पाणी सांभाळणाऱ्या माणसाच्या) पगारातच पैसे फिटतील म्हणतो. बसवावा का, आणि कुणी हॅक केलं तर? (एक संचालक)

उत्तर: रामराम. पहिलं म्हणजे पाटकऱ्याला काढू नका, फूटव्हॉल्वमधला (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तळाच्या झडपेतला) कचरा काढायला आणि फुटलेली पाईप बघायला कुठलाही स्काडा नदीत उतरत नाही.

आता फरक. तुमचा स्टार्टर हुकूम ऐकतो, फारतर लाईट आली-गेली सांगतो. स्काडात टाकीची लेव्हल, लाईनचं प्रेशर, मोटरचे अँपिअर सगळं सतत दिसतं आणि नोंद राहते, म्हणजे मोटर चालू आहे, अँपिअर कमी झालेत आणि टाकी काही भरत नाहीये, तर पंपानं पाणी सोडलंय, म्हणजे तो पाणी न ओढता नुसताच फिरतोय, हे घरी बसून कळतं.

पण बघणं वेगळं आणि मोटर वाचवणं वेगळं. ड्राय रन (पाण्याविना पळणं), सिंगल फेज (एखादी फेज जाणं), ओव्हरलोड झाला की मोटर पॅनलमध्येच बंद पडली पाहिजे, रेंज असो नसो. टाकीकडनं ठराविक मिनिटं खबर आली नाही तर मोटर आपणहून बंद व्हावी, हे जॅकवेलवरच्या पीएलसीतच (पंप चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरमध्येच) घालून घ्या, नाहीतर रेंज गेली की रातभर टाकी उतू जाणार आणि खालच्या शेतकऱ्याशी भांडण तुमचं.

लेव्हल सेन्सर 4 ते 20 मिलीअँपिअरचा मागा. रिकाम्या टाकीला 4, भरलेलीला 20. उंदरानं वायर कुरतडली तर 0 येतो, म्हणजे टाकी रिकामी का वायर तुटली हे मशीनला कळतं. शून्यापासून मोजणाऱ्या सेन्सरला दोन्ही सारखंच दिसतं आणि तो मोटर पळवत बसतो.

हॅकिंगचं म्हणाल तर भीती बाहेरच्यापेक्षा आतल्याची जास्त. ऑस्ट्रेलियात मरूची भागात 2000 साली सांडपाण्याची सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एका माणसानं, तिथल्या कौन्सिलनं नोकरी नाकारली म्हणून, लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन पंपांना उलटेसुलटे हुकूम दिले, आठ लाख लिटर मैला बागांत, ओढ्यांत गेला. तेव्हा पासवर्ड संस्थेच्या ताब्यात ठेवा, बसवणारा गेला की लगेच बदला. मॉडबस ही असली यंत्रं एकमेकांशी बोलतात ती 1979 ची भाषा, तिच्यात मूळची ओळखपाळख विचारायची पद्धतच नाही, म्हणून ती उघड्या इंटरनेटवर सोडायची नाही, व्हीपीएन (इंटरनेटवरची खाजगी, कुलूपबंद वाट) लावायला सांगा. आणि पॅनलवर हात-ऑटोचा स्विच पाहिजेच, हातावर टाकला की लांबून कुणाचंच चालू नये, नाहीतर वायरमन आत हात घालून बसलेला आणि इस्लामपुरातनं कुणीतरी बटण दाबायचा.

पॅनलची उंची तेवढी विसरू नका. सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 40 फुटांवर इशारा आणि 45 वर धोका, पण तुमच्या काठाला 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ती खूण बघा आणि त्याच्या वर बसवा.