पायथन स्क्रिप्ट चालते, पण रास्टर उघडत नाही

प्रश्न : गोव्यातील खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधांचा अभ्यास करण्यासाठी एसआरटीएम या रडार मोहिमेच्या, म्हणजे उंचीच्या, एचजीटी रास्टर (चौकटीगणिक आकडा असलेल्या) फाइली मी पायथन स्क्रिप्टने क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत घेऊ पाहत आहे. त्या डी ड्राइव्हवर, रोमन लिपीत ‘नकाशे’ असे नाव दिलेल्या फोल्डरमध्ये आहेत. स्क्रिप्ट विनातक्रार चालते, परंतु नकाशावर काहीच उमटत नाही. एक फाइल माउसने ओढून आणल्यास व्यवस्थित उघडते. दुसरीचे नाव बदलून मी ‘काणकोण’ ठेवले होते, ती मात्र तशीही उघडत नाही. दोष कोठे असावा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्यापुढे एक नव्हे, दोन निरनिराळे दोष आहेत. पहिली फाइल माउसने उघडते, त्या अर्थी ती निर्दोष आहे आणि गडबड स्क्रिप्टमधील पत्त्यात आहे. विंडोजच्या पत्त्यातील उलट्या तिरप्या रेषेनंतर ‘एन’ हे अक्षर आले की पायथन त्या जोडीला ‘नवी ओळ’ समजतो, त्यामुळे आपला ‘नकाशे’ फोल्डर त्याला सापडतच नाही. फोल्डरचे नाव ‘तिसवाडी’ असते तरी हेच झाले असते, कारण ‘टी’ची जोडी टॅब ठरते. पत्त्याच्या अवतरणचिन्हाआधी ‘आर’ हे अक्षर लिहावे किंवा सरळ तिरप्या रेषा वापराव्यात. विंडोजवर त्याही चालतात.

दुसऱ्या फाइलीचे मूळ नाव तिला परत द्या. एचजीटी फाइलीत शीर्षभाग, म्हणजे फाइलीची माहिती देणारा आरंभीचा भाग, नसतोच. अक्षांश-रेखांशाच्या एक सेकंद अंतराच्या फाइलीत ३६०१ गुणिले ३६०१ इतके उंचीचे आकडे ओळीने मांडलेले असतात, आणि ती पृथ्वीवर कोठे बसते हे केवळ तिच्या नावातील नैर्ऋत्य कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशांवरून कळते. पणजीची फाइल उत्तर १५, पूर्व ७३ या नावाची, तर काणकोणातील लोलये-पोळे हा भाग उत्तर १४, पूर्व ७४ मध्ये येतो. स्वतःचे नाव हवेच असेल, तर आधी मूळ नावाने उघडून जिओटिफ या फाइल-प्रकारात जतन करावे. त्या फाइलीत स्थानाची माहिती आतच राहते.

स्क्रिप्टच्या मौनाचे कारणही सांगतो. क्यूजीआयएसमध्ये रास्टर लेअर, म्हणजे नकाशाचा थर, तयार करताना फाइल सापडली नाही तरी पायथन अपवाद उभा करत नाही, म्हणजे चूक दाखवून थांबत नाही, नुसता अवैध लेअर हाती देतो. म्हणून लेअर प्रकल्पात घालण्याआधी ‘इझ व्हॅलिड’ ही विचारणा प्रत्येक वेळी करावी. रास्टर फाइली वाचणारी जीडाल ही लायब्ररी थेट वापरत असाल, तर आरंभीच ‘यूज एक्सेप्शन्स’ सुरू करावे, म्हणजे काय चुकले याचा संदेश समोर येतो.

फाइली उघडल्यावर लगेच उतार काढू नका. अंतरे अंशांत आणि उंची मीटरमध्ये असल्याने सपाट मळाही कड्यासारखा दिसेल. प्रथम त्या यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाच्या पद्धतीत, रूपांतरित कराव्यात. सारा गोवा त्याच विभागात मोडतो.

एक गोष्ट मात्र आपण विचारली नसली तरी सांगणे भाग आहे. २००० सालच्या या रडार मोहिमेत उंचीच्या अचूकतेचे उद्दिष्टच १६ मीटरपर्यंतच्या चुकीला मुभा देणारे होते, आकडेही पूर्ण मीटरमध्ये आहेत, आणि कांदळवन असेल तेथे जमिनीऐवजी झाडांच्या माथ्याकडे झुकणारी उंची नोंदली जाते. डोंगरउतार आणि ओहोळांचे पाणलोट पाहण्यास ही माहिती उपयोगी आहे. खाजनाचा बांध किंवा मानशीची (बांधातील पाण्याच्या दाराची) पातळी ठरवायची असेल, तर प्रत्यक्ष जागेवर लेव्हलिंग करूनच आकडे घ्यावेत.