'लायन किंग'ची ती माकडं, आणि आपण कच्चे होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'द लायन किंग' हा जुना गेम लहानपणी दुसऱ्या लेव्हलच्या माकडांपाशी अडायचा. आता मोठेपणी हौसेने परत घेतला, तर तिथेच अडतोय, उलट जास्तच. मग गेम खरंच एवढा अवघड होता की आपणच कच्चे? आणि नव्या आवृत्तीत मागे जायचं जे रिवाइंडचं बटण दिलंय, ते दाबलं तर ती चीटिंग धरायची का?

पहिल्या भागाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. तुम्ही कच्चे नव्हता, तुम्हाला ठरवून अडवलं होतं.

गेम आला १९९४ साली, डिस्नेच्या त्याच नावाच्या चित्रपटाच्याच वर्षी. बनवला वेस्टवुड स्टुडिओजने, बाजारात आणला व्हर्जिन इंटरॅक्टिव्हने. त्या काळात अमेरिकेत चित्रपटांच्या कॅसेटसारखीच गेमची कार्ट्रिजंही भाड्याने मिळायची. १९९० साली तिथे कॉम्प्युटर सॉफ्टवेअर परस्पर भाड्याने देण्यावर कायद्याने बंदी आली, पण कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या, गेमना त्यातून सूट मिळाली, त्यामुळे दुकानांचा धंदा चालूच राहिला. गेम काढणाऱ्यांची पोटदुखी इथे होती. पोराने शुक्रवारी कार्ट्रिज भाड्याने नेलं आणि रविवारी रात्री गेम संपवून परत केलं, तर विकत कोण घेणार? वेस्टवुडचे एक संस्थापक लुई कॅसल यांनी पुढे मुलाखतींत हे उघडपणे सांगितलं आहे: भाड्याच्या मुदतीत गेम फार पुढे सरकू नये अशी डिस्नेची अट होती, आणि त्यापायी दुसरी लेव्हल अवघड करून ठेवली गेली. ती माकडं म्हणजे थोडक्यात दारावर बसवलेले वसुलीवाले.

आणि अडवलं तेही किती हुशारीने, ते बघा. पहिली लेव्हल जवळजवळ लाडाची आहे. सरड्यावर उडी मारायची, साळिंदरावर डरकाळी फोडून त्याला उलटं पाडायचं आणि मग त्याच्या पोटावर उडी मारायची, शेवटी एका तरसाला दमवायचं. हात बसतो, वाटतं आता आपण सुटलो. दुसऱ्या लेव्हलला रंग बदलतात, चित्रपटातलं गाणं वाजायला लागतं, सगळं जत्रेसारखं दिसतं. मग एक माकड सिंबाला, म्हणजे आपण खेळतो त्या छाव्याला, उचलतं आणि दुसऱ्याकडे फेकतं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि चार ठिकाणी फिरून तुम्ही परत होता तिथेच, किंवा पाण्यात. यात उड्यांचं कौशल्य शून्य आहे. काही माकडांवर डरकाळी फोडली की ती तोंड फिरवतात आणि फेकायची दिशा बदलते, एवढीच किल्ली. कोणतं माकड आधी फिरवायचं आणि कोणतं मागाहून, हा कोड्याचा प्रकार आहे. पण तोवर गेमने आपल्याला कोडं सोडवायला शिकवलेलंच नसतं. डरकाळी साळिंदरासाठी असते एवढंच आपल्याला ठाऊक. त्यात डरकाळीचं मीटर भरायला वेळ लागतो, अर्धवट भरलेलं असताना बटण दाबलं तर नुसतंच म्यांव. भाड्याच्या किंवा कुणाकडून मागून आणलेल्या कार्ट्रिजबरोबर माहितीपुस्तिका असेलच याची खात्री नाही. मग पोरं आपली मिळेल त्या माकडाकडे उडी मारत बसणार, दुसरं काय करणार?

माकडं सुटली तरी त्याच लेव्हलमध्ये शहामृग आहे. त्याच्या पाठीवर बसलं की ते पळत सुटतं, थांबवता येत नाही. कधी उडी, कधी उडीतच दुसरी उडी, कधी मान खाली. पहिल्यांदा खेळणाऱ्याला समोरची अडचण दिसून बोट हलेपर्यंत ती अंगावर आलेली असते. म्हणजे तिथे नजर नव्हे, पाठांतर लागतं. आपटायचं, लक्षात ठेवायचं, पुन्हा बसायचं.

इथवर झालं ते मुद्दाम केलेलं. पण माझ्या मते निम्मा त्रास कुणीच मुद्दाम केलेला नव्हता, तो चित्रांमुळे होता, आणि याबद्दल लोक कमी बोलतात.

आदल्याच वर्षी, १९९३ साली, 'अलादीन'चा सेगा कंपनीच्या कन्सोलवरचा गेम आला होता. त्यात डिस्नेच्या अॅनिमेटरांनी कागदावर काढलेली चित्रं स्कॅन करून घेतली होती. पात्रं खरीखुरी कार्टूनसारखी हलतात हे बघूनच लोक गार झाले. 'लायन किंग'मध्येही तीच हौस. आता हौसेची किंमत मोजा. सेगाच्या पडद्यावर आडव्या रेषेत ३२० ठिपके, सुपर निन्टेन्डो या दुसऱ्या कन्सोलच्या पडद्यावर सहसा २५६. एवढ्याशा जागेत तुम्ही पात्र मोठं आणि देखणं काढलंत की समोरचं जग कमी दिसणार. पहिल्या 'सुपर मारिओ'मधला मारिओ सुरुवातीला जेमतेम १६ ठिपके उंच होता. तो दिसायला ठोकळा, पण त्याच्यापुढे बरंच मैदान मोकळं दिसायचं. मोठा झालेला सिंबा आयाळ उडवत उभा राहिला की पडद्याचा भलामोठा तुकडा त्यानेच खाल्लेला असतो, आणि खड्डा त्याच्या पुढेच असतो.

दुसरी गोष्ट कडांची. ठोकळ्यांच्या गेममध्ये जमीन कुठे संपते ते सरळ रेषेत कळतं. इथे गवत लवलेलं, खडक गोलसर, झाडाची फांदी निमुळती होत गेलेली. डोळ्यांना वाटतं पाय टेकला, गेमच्या हिशेबी मात्र जमीन त्याच्या आधीच संपलेली. कधी तर बरोबर उलटं होतं, आपण हाय खाल्लेली असते आणि सिंबा पंज्यांनी कडेला लोंबकळत असतो, हे आणखी एक. 'अरे, टेकला होता की!' ही आरोळी ज्या ज्या खोलीत हा गेम लागला तिथे उठली असणार. ती बऱ्याच वेळा खरी होती. चित्रकाराने काढलेली जमीन आणि प्रोग्रॅमरने धरलेली जमीन एकच नव्हती.

याचा पुरावा हवा असेल तर 'कपहेड' बघा. २०१७ चा गेम, १९३० च्या दशकातल्या कार्टूनसारखा हाताने काढलेला, आणि अवघड म्हणून नावाजलेला. पण त्यात पात्रांची चित्रं सेकंदाला २४ या चालीने हलतात आणि गेम मात्र सेकंदाला ६० वेळा तुमचं बटण ऐकतो. चित्राची चाल वेगळी, हाताची वेगळी, त्यामुळे चित्र कितीही लाडिक असलं तरी बोटाला ते आडवं येत नाही. शिवाय मेलात की तो तुम्हाला एक रेघ दाखवतो, शेवट किती जवळ आला होता ते सांगणारी, आणि लगेच पुन्हा उभं करतो. तिथे मेल्यावर चिडचिड होते ती स्वतःवर. 'लायन किंग'मध्ये निम्म्या वेळा गेमवर होते, आणि ती रास्त आहे. दोन्ही गेमना सरसकट 'अवघड' म्हणून एकाच पंगतीत बसवणं मला पटत नाही.

आता 'उलट जास्तच अडतोय' याबद्दल. वय झालं वगैरे मनाला लावून घेऊ नका, आधी टीव्ही तपासा. जुना काचेच्या नळीचा टीव्ही कन्सोलचा सिग्नल आला तसा जवळजवळ त्याच क्षणी दाखवायचा. आताचे सपाट टीव्ही चित्र गुळगुळीत करायला ते थोडं अडवून ठेवतात. या गेमची एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, साधारण १७ मिलिसेकंदांची. टीव्हीने ८० मिलिसेकंद खाल्ले तर तुमची उडी चार-पाच फ्रेम उशिरा दिसते, आणि शहामृगावर चार-पाच फ्रेम म्हणजे सगळंच गेलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो तो चालू करा. त्यात बिनतारी कंट्रोलर असेल तर वायरचा लावून बघा. फरक पहिल्याच लेव्हलला कळेल.

आठवणींबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण लिहितोच. डोळे मिटून हा गेम आठवा. काय दिसतं? पहिल्या लेव्हलचा सोनेरी माळ, कड्यावरचे दगड, ते तरस, मग माकडं, जिराफांची डोकी आणि शहामृग. फार तर हत्तींची हाडं. आता सांगा, आठव्या लेव्हलला कोणता रंग होता? तापलेल्या लाव्हाच्या गुहा आहेत तिथे, आणि नवव्यात गुहांचा चकवा. गेममध्ये दहा लेव्हल आहेत, आणि आपण जिच्यासाठी हळवे होतो ती आठवण बहुतेकांची दोन लेव्हलची आहे. सेव्ह नव्हतं, पासवर्ड नव्हता, लाइफ आणि कंटिन्यू संपले की थेट सुरुवात. त्यामुळे त्या माळावरचं गवत पाठ झालं. 'आता माझा नंबर' म्हणून कंट्रोलर ओढायची पाळी यायची तीही तिथेच, गाण्याच्या त्याच ओळीवर. भाड्याच्या दुकानांना शह देण्यासाठी केलेल्या खोडीने आपलं अख्खं बालपण गेमच्या पहिल्या पंधरा मिनिटांत कोंडून ठेवलं, आणि आता तीच पंधरा मिनिटं आपल्याला सगळ्यात प्रिय. हे मला गमतीचं वाटतं, वैतागाचंही.

म्हणून रिवाइंडबद्दल माझं मत ऐका. २०१९ मध्ये 'अलादीन' आणि 'लायन किंग' एकत्र परत आले, डिजिटल एक्लिप्सने ते काम केलं, त्यात रिवाइंड आणि कुठेही सेव्ह करायची सोय आहे. ती खुशाल वापरा. जो अडथळा विक्रीसाठी घातला होता तो ओलांडताना कसली आलीय चीटिंग? आणि सोवळं पाळायचंच म्हटलं तर बनवणाऱ्यांनी तरी कुठे पाळलं होतं? सुपर निन्टेन्डोच्या आवृत्तीत ऑप्शनच्या पडद्यावर बी, ए, आर, आर, वाय अशी बटणं दाबली की चोरमेनू उघडतो, त्यातून हवी ती लेव्हल निवडता येते. बॅरी! कुणाचं तरी नाव लपवलेलं आहे ते.

मी असं सुचवेन. पहिली लेव्हल रिवाइंडला हात न लावता खेळा, ती तशीच खेळण्याच्या लायकीची आहे. माकडांचं कोडं सुटत नसेल तर रिवाइंड करत एकेक माकड फिरवून बघा, रांग लक्षात आली की झालं. शहामृगाला मात्र हाताने जिंका, कारण तिथे पाठांतर झाल्यावर जी लय लागते तिची मजा रिवाइंडने जाते. चौथ्या लेव्हलला उधळलेले विल्डबीस्ट (आफ्रिकेतले शिंगवाले प्राणी) मागून येतात आणि सिंबा आपल्या दिशेने पळतो, त्यामुळे पुढचे दगड दिसतात तेव्हा जवळजवळ पायाशीच असतात. तिथे मन मारून रिवाइंड दाबत राहा, ती लेव्हल प्रेक्षणीय आहे, खेळणीय नाही. सहाव्यातल्या धबधब्यात पडणाऱ्या ओंडक्यांवरून वर चढताना खाली बघू नका, वरचा ओंडका बघा. सातव्यापासून सिंबा मोठा होतो, पंजे मारतो, आणि खरं सांगायचं तर गेम बराच सपाट होतो. लाव्हा आणि चकवा उरकून टाका, तिथे रेंगाळण्यासारखं काही नाही.

शेवटी स्कार, म्हणजे गोष्टीतला खलनायक सिंह. इथे लोक पंजे मारमारून थकतात आणि तो मरतच नाही, मग गेममध्येच बिघाड आहे असं धरून बंद करतात. पंज्यांनी तो मरणारच नाही. त्याला मारत मारत कड्याच्या टोकापर्यंत न्या, दमून तो धापा टाकायला लागला की अगदी जवळ जाऊन उचलून फेकायची चाल करा, सिंबाची पाठ कड्याकडे असताना. फेक चुकीच्या दिशेला गेली तर तो परत उठून येतो, म्हणून फेकण्याआधी आपण कोणत्या बाजूला उभे आहोत तेवढं बघून घ्या.