दर उन्हाळ्यात कारच्या एसीत गॅस भरावाच लागतो का? किती खर्च योग्य समजावा?

नाही लागत. तुमचा गॅरेजवाला म्हणतो ना, "गॅस वर्षभरात उडून जातो, मार्च आला की भरायचाच", तर त्याला एवढंच विचारा की उडतो तो कुठून? घरचा फ्रिज दहा-दहा वर्षं त्याच गॅसवर चालतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपांत फिरत राहतो. तो कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून डबा रिकामा करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

आणि मुळात गॅस कमीच झालाय हे त्याने ठरवलं कशावरून? यावरून माझी धंद्यातली भागीदारी तुटली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं अकोल्यात कारच्या एसीचं गॅरेज आहे. मे महिन्यात इथे पारा 44–45 च्या घरात असतो, त्यामुळे एप्रिलपासून आमच्या दारात रांग लागते आणि येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "गॅस टाकून द्या." एका उन्हाळ्यात खामगावकडचे एक जिनिंगवाले (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना असलेले) शेठ आले. गाडी मोठी, डिझेल, चांगली ठेवलेली. तक्रार अशी की हायवेवर एसी बरा चालतो, पण सिग्नलला किंवा फाटकावर गाडी थांबली की पाच मिनिटांत गरम हवा. त्याआधी दुसरीकडे गॅस टाकून झाला होता. महिनाभर बरं वाटलं, मग परत तेच, मग परत गॅस.

माहितगार माणसाला इथेच शंका यायला हवी. गॅस बराच कमी असेल तर हायवेवरही कूलिंग मार खातं. फक्त उभ्या गाडीत बिघडतं म्हणजे बहुधा समोरच्या कंडेन्सरला, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीला, हवा मिळत नाही. पळत्या गाडीत वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीत सगळी मदार फॅनवर. मी दोन्ही गेज, म्हणजे दाब मोजायचे काटे, लावले. त्या दिवशीच्या उन्हात हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरपुढच्या जास्त दाबाच्या बाजूला, 280–300 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) मी घाबरलो नसतो. शेठच्या गाडीचा काटा बघता बघता 380 च्या वर गेला आणि थोड्या वेळात कॉम्प्रेसर स्वतःच ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला. उभ्या गाडीत थंड हवा बंद झाली ते बघून आधीच्या मिस्त्रीने "गॅस संपला" असं निदान केलं असणार. हाय साइडचा गेज त्याने लावलाच नसावा. पाइपाला हात लावून "थंड लागत नाही, टाका गॅस" ही आपल्याकडची तपासणी.

बंद गाडीवर गेज लावून तर गॅस किती आहे हे कळत नाही. आर-134ए चा, म्हणजे एसीतल्या या गॅसचा दाब, पाइपांत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तर, फक्त तापमानावर ठरतो. 40 अंशांना तो साधारण 130 पीएसआय दाखवणार, आत 200 ग्रॅम असो की 500. म्हणून आत किती गॅस आहे हे समजायचं तर तो मशीनने बाहेर काढून वजन करणं हाच मार्ग. हे रिकव्हरी मशीन महाग असतं, स्वस्तातल्या गेजवर दुकान चालत असताना कोण घेणार?

तर गॅस काढला. बॉनेटखालच्या स्टिकरवर 500 ग्रॅम लिहिलेलं, निघाला 780. म्हणजे दीडपटीहून जास्त माल आत कोंबलेला. मग बंपर उतरवला. कंडेन्सर समोरून स्वच्छ दिसत होता, धुवून आणला होता शेठनी. पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत टॉर्च मारला तर पांढरं. सरकी आणि कापसाची धूळ. हंगामभर गाडी जिनिंगच्या आवारात उभी, फॅन ती पेळू-पेळू करून आत ओढतो, वरून रस्त्याची माती बसते. कंडेन्सर पुढे सरकवून तो थर मी हाताने सोलून काढला, अख्खाच्या अख्खा तुकडा निघाला, त्यावर कंडेन्सरच्या पत्त्यांची जाळी उमटलेली. मग आतून बाहेर, साध्या नळाच्या धारेने धुतला. वॉशिंग सेंटरची प्रेशरची धार इथे मारायची नाही, पत्ते वाकून हवेची वाट कायमची बंद होते.

नंतर अर्धा तास व्हॅक्यूम. पाइपांत शिरलेली हवा आणि दमटपणा त्याशिवाय निघत नाही. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. ही पायरी गाळली की आत राहिलेलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी (गॅसचा दाब एकदम उतरवणाऱ्या बारीक वाटेपाशी) गोठतं आणि कॉम्प्रेसरच्या ऑइलचा सत्यानाश करतं तो वेगळाच. मग वजनकाट्यावर मोजून 500 ग्रॅम भरला. इंजिन सुरू ठेवून गाडी उन्हात उभी केली, मधल्या जाळीत थर्मामीटर खोचला. आधी 21 दाखवत होता, आता 10 वर आला आणि तिथेच राहिला.

शेठ खूश. बिल हातात पडेपर्यंत.

"गॅस किती टाकला?" त्यांनी विचारलं. म्हटलं, टाकला नाही, 280 ग्रॅम जास्त होता तो काढला. "म्हणजे माझा गॅस काढून घेतला अन् वरून मलेच पैसे मांगता? असा मिस्त्री पयल्यांदा पाह्यला बावा!" बंपर उतरवणं, धुणं, व्हॅक्यूम, मशीन, अख्खी दुपार, याची किंमत त्यांच्या लेखी शून्य. मोजायला गॅस नाही तर पैसे कशाचे?

इथपर्यंत माझी तक्रार नाही. गिऱ्हाईक घासाघीस करणारच, त्याचा तो हक्क. पण माझा तेव्हाचा पार्टनर मध्ये पडला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "अबे, दोनशे ग्राम टाकला म्हून लिव बिलात, ते खुशीनं देतात. त्याले थंड हवा पाह्यजे, तुया काट्याचं काय करनं हाये?" मी लिहिलं नाही. त्याने माझ्यासमोर शेठना अर्धं बिल माफ केलं. त्या रात्री आमचं जे भांडण झालं ते पुढे हिशेबाच्या वहीपर्यंत गेलं आणि वर्षभरात त्याने वेगळं दुकान टाकलं. आजही त्याचं म्हणणं हेच की लोकांना निदान विकत घ्यायचं नसतं, गॅस विकत घ्यायचा असतो. त्याच्या दुकानात गर्दी माझ्यापेक्षा जास्त असते हे मी नाकारत नाही. पण त्याच्या गाड्या दरवर्षी परत येतात तशा माझ्या येत नाहीत, आणि "परत आलेलं गिऱ्हाईक म्हणजे समाधानी गिऱ्हाईक" हा त्याचा युक्तिवाद या धंद्यात उलटा लागू होतो. एसीवाल्याकडे तीच गाडी त्याच तक्रारीने परत येणं ही त्याच्या वाईट कामाची पावती आहे.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं: तपासणीचे वेगळे पैसे मागणाऱ्यावर संशय घेऊ नका, "तपासणी फ्री, गॅसचे तेवढे द्या" म्हणणाऱ्यावर घ्या. फ्री तपासणी करणाऱ्याला गॅस विकल्याशिवाय काही सुटत नाही, त्यामुळे त्याला प्रत्येक गाडीत गॅस कमीच दिसतो.

तुमच्या गाडीला खरोखर गळती असेल तर ती तेलाच्या डागावरून बऱ्याचदा दिसते, कारण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर फिरतं आणि गळतीच्या जागी ओलसर धूळ धरते. गळतीच्या जागा म्हणजे जोडाच्या ओ-रिंगा (रबरी कड्या), सर्व्हिस व्हॉल्व्हचा (गॅस भरायच्या तोंडाचा) पिन, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील, दगड लागलेला कंडेन्सर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावायचं किंवा यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग, टाकायचा. व्हॅक्यूम धरला म्हणजे गळती नाही, हे खरं नाही. बारीक गळती व्हॅक्यूमला दाद देत नाही, दाबाखालीच बोलते. आणि गळती ठेवून गाडी चालवत राहिलात तर गॅस कमी झाला की ऑइलही नीट परत येत नाही, कॉम्प्रेसर जाम होतो, त्याचा चुरा सगळ्या लाइनीत पसरतो. मग कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर आणि ड्रायरही (लाइनीतला दमटपणा शोषणारा डबा) गेला समजा.

खर्चाचं विचारलंत. आकडा सांगत नाही, कारण गॅसचा भाव हंगामात वरखाली होतो आणि हॅचबॅक व मागे वेगळा एसी असलेली सात सीटर यांत गॅसच दुप्पट लागू शकतो. बिलावर "गॅस चार्जिंग" असं मोघम न लिहिता किती ग्रॅम निघाला आणि किती भरला, हे दोन आकडे लिहून मागा. जो लिहायला कचरेल त्याच्याकडे जाऊ नका. डब्यातून भरत असेल तर डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. बाजारात भेसळीचा माल आहे, कधी त्यात ज्वालाग्राही गॅस असतो, कधी ॲल्युमिनियमच खाणारा.

हो, एक राहिलं, नाहीतर कुणी म्हणेल हा टोकाचं बोलतो. रबरी पाइपांतून आणि शाफ्टच्या सीलमधून दरवर्षी थोडा गॅस झिरपतोच, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी एकदा मोजून भरावा लागला तर कुणी फसवलं असं समजू नका. आणि गाडी बारा वर्षांची असेल, कूलिंग कॉइल किंचित गळत असेल आणि पुढच्या वर्षी गाडी विकायचीच असेल, तर डॅशबोर्ड उतरवण्यापेक्षा एक उन्हाळा गॅसवर काढा असं मीही सांगतो. हे वाचून पार्टनर हसेल. हसू दे, पण मी ते बिलावर "गळती आहे, दुरुस्त केलेली नाही" असं लिहून देतो, तो देत नाही.

गाडी कुठली, किती वर्षांची, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या सीटखालची मॅट ओली होते का तेही बघा. होत असेल तर बहुधा एसीचं पाणी बाहेर सोडणारा ड्रेनचा पाइप तुंबलाय, त्यासाठी गॅसला हात लावू देऊ नका.