बाळाचा पहिला घास

पोरी, पहिलं बाळंतपण आहे, दहा जणी दहा गोष्टी सांगतील. अंगणवाडीत २२ वर्षं काढली, म्हणून हक्काने सांगते.

आता चौथा महिना लागलाय ना? लोहाची गोळी रोज घे, पण चहासोबत नको. चहामुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, मेथीची भाजी, वर लिंबू पिळलेलं वरण, हे आपल्या घरचंच आहे, ते पोटभर खा.

बाळ झालं की तासाभरात अंगावर घे. पहिलं पिवळट चिकाचं दूध कुणी पिळून टाकायला सांगितलं तर ऐकू नकोस, सासूबाईंनी सांगितलं तरी. मध, घुटी, गूळपाणी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ ला टेकला तरी वरचं पाणी लागत नाही, दुधातच पाणी असतं. फक्त पाजायचं जास्त वेळा.

सहा महिने पूर्ण झाले की मऊ मूगडाळ-तांदळाची खिचडी, कुस्करलेलं केळं. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे. आणि वरणाचं नुसतं पाणी पाजू नकोस गं! त्यात डाळ कुठे असते? घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट हवा. त्यावर थोडं साजूक तूप. बाळ वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर नाही, मधही नाही. अख्खे शेंगदाणे तर पाच वर्षांपर्यंत हाती देऊ नकोस, घशात अडकतात. बारीक कूट करून खिचडीत घाल.

एखाद्या दिवशी तोंड फिरवलं तर जबरदस्ती करू नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा दे.