दसऱ्याची गाडी-जाहिरात कुठे हुकते

हे बघ, दसऱ्याच्या सकाळी पानभर जाहिरात देऊन शोरूमला फारसं काही मिळत नाही. त्या दिवशी लोक गाडी न्यायला येतात, निवडायला नाही. पितृपक्षात खरेदी टाळतात, पण चौकशी, टेस्ट ड्राइव्ह, कर्जाचे कागद आधीच सुरू झालेले असतात. खर्च तेव्हा कर.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला दिवाळी बोनस सांगितलास तर चालेल. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात तीच ओळ वाया जाते. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, म्हणजे पैसा बागेत ओतायची वेळ. माल निघतो साधारण जानेवारी ते एप्रिल. तिथे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया धर.

आणि लाल रिबिनीची गाडी कृपा करून नको! इथे हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू. हप्त्याचा आकडा मोठा छाप.