डॉक्टर होऊन विषाणूंवर संशोधन करायचं तर पेशंट सोडावे लागतात का?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहात, विषाणू पेशीत कसा शिरतो आणि प्रतिकारशक्तीला कसा चकवतो यावर काम करायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, ‘एवढं शिकून उंदीर मारत बसणार का?’

उंदरांपासूनच सुरुवात करतो. मी डेंगीवर काम करतो आणि साध्या उंदराला डेंगी धड होतच नाही. आपल्या पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारपाजारच्या पेशींसाठी दवंडीच. हे 1957 पासून ठाऊक आहे. ती दवंडी पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे स्टॅट-2. डेंगीच्या जेमतेम दहा प्रथिनांपैकी एनएस-5 हे प्रथिन माणसाच्या स्टॅट-2 ची विल्हेवाट लावायला लावतं. उंदराच्या स्टॅट-2 पुढे मात्र त्याचं काही चालत नाही. तेव्हा घरी सांगा, या आजाराला माणूसच लागतो, आणि तो वॉर्डात भेटतो.

मलाही तिथेच भेटला. एमडी मेडिसिन करत होतो. तासगावकडचा एक बागायतदार, तापाचा पाचवा दिवस. सकाळी ताप उतरला तसा भाऊ मागे लागला, “ताप उतरलाय की डॉक्टर, आता सोडा घरी. छाटणी खोळंबलीय.” संध्याकाळी त्याचे हातपाय गार पडले, नाडी बारीक झाली. डेंगीत खरा धोका ताप उतरताना असतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि रक्त घट्ट होत जातं. (आपल्याकडे नातेवाईक फक्त ‘पेशी किती?’ विचारतात, म्हणजे प्लेटलेट्स, आणि पपईच्या पानांचा रस घेऊन येतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय, ते कुणी विचारत नाही.) सलाईन मोजून मोजून देत रात्र काढली. माणूस वाचला.

त्याच्या रक्तात आधीच्या डेंगीच्या खुणा होत्या. डेंगीचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला चिकटतात खरी, पण त्याला नामोहरम करू शकत नाहीत. उलट आपल्याच पांढऱ्या पेशी ती प्रतिपिंडं पकडून विषाणूसकट आत ओढतात. पोलिसानं चोराला हाताला धरून घरात नेऊन सोडावं, तसं. आत गेल्यावर विषाणू ज्या पिशवीत असतो ती आम्लधर्मी होते. तेवढ्यानं त्याचं वरचं प्रथिन आकार बदलतं, पिशवीला भोक पाडतं आणि त्याचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, पेशीत सुटतो. हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. त्या रात्रीनंतर मात्र डोक्यातून जाईना.

एमडीनंतर पीएचडीला गेलो. डॉक्टर असल्याची घमेंड होती, ती आठ महिन्यांत उतरली. एनएस-5 मध्ये छोटा बदल केलेला विषाणू वाढवून बघत होतो. माझा अंदाज असा, की त्याला इंटरफेरॉन चुकवता येणार नाही, म्हणून तो मरतुकडा निघेल. पण पठ्ठ्या मूळ विषाणूइतकाच जोमात वाढायचा. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका ज्युनियर मुलीनं विचारलं, “सर, पेशी कोणत्या वापरता?” व्हिरो. आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडापासून 1962 मध्ये जपानात तयार झालेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या पेशी. त्या इंटरफेरॉन बनवतच नाहीत! चोर दवंडीला घाबरतो का, हे मी मुक्यांच्या गावात तपासत होतो. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत तोच प्रयोग केला तेव्हा विषाणू तिसऱ्या दिवशी मान टाकून होता.

आता तुमचा मूळ प्रश्न. पेशंट सुटत नाहीत, कमी होतात. मी आठवडाभर पुण्यात लॅबमध्ये असतो आणि महिन्यातले दोन शनिवार सांगलीत ओपीडी करतो. त्याहून जास्त केलं की दोन्हीकडे कच्चा राहतो. पैशांचं म्हणाल तर बरोबरीच्यांनी विश्रामबागला दवाखाने बांधले, मी अजून भाड्याच्या घरात आहे. आईला हे आजही पटलेलं नाही. डॉक्टर-संशोधकांसाठी वेगळ्या फेलोशिप आहेत, डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सची त्यातली चांगली. पण ती मिळेपर्यंतची वर्षं अवघड जातात, हे घरी आधीच बोलून ठेवा. आधी एमडी की आधी पीएचडी यावर लोक वाद घालतात. मी आधी एमडी म्हणेन. पेशंट न बघता निवडलेला प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो.

इंटर्नशिप संपल्यावर, पीजीच्या क्लासला नाव घालण्याआधी, सहा महिने एखाद्या लॅबमध्ये काढा. बहुतेक वेळ पेशींना खाऊपिऊ घालण्यात आणि बुरशी लागलेल्या बाटल्या टाकून देण्यात जाईल. तेही आवडलं तर पुढे जा. आणि पहिल्याच दिवशी विचारा, इथे पेशी कोणत्या वाढवता?