सहीसाठी थांबलेला व्यवहार

प्रश्न : आम्ही तीन भावंडांनी इथेरियम या ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या व्यवहारांच्या नोंदवहीवर) क्रिप्टो चलनाचे एक सामाईक वॉलेट उघडले असून त्यातून रक्कम काढण्यास तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतात. थोरले बंधू टोरांटोला असतात. त्यांनी व्यवहार मांडला की कधी रात्री दोन वाजता माझ्या फोनवर ‘तुमच्या सहीची प्रतीक्षा आहे’ अशी सूचना येते, कधी येतच नाही. गेल्या आठवड्यात तशाच मजकुराचा ईमेल आला. ‘२४ तासांत मंजुरी न दिल्यास वॉलेट गोठवले जाईल’ असे लिहून त्यात लिंक दिली होती. ब्लॉकचेन ही सूचना नेमकी कशी पाठवते, आणि मी सहीच केली नाही तर काय होईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ईमेलचे सांगतो, कारण ते तातडीचे आहे. तो खोटा समजावा आणि लिंक उघडू नये. सही न केल्याबद्दल वॉलेट गोठवण्याची तरतूद अशा सामाईक वॉलेटमध्ये नसते; मुदतीची ही धमकी तुम्हाला घाईने सही करायला लावण्यासाठीच असते.

सूचना ब्लॉकचेन पाठवते, हा समज मात्र चुकीचा आहे. बंधूंनी मांडलेला व्यवहार, पुरेशा सह्या जमून तो पुढे पाठवला जाईपर्यंत, सहसा ब्लॉकचेनवर पोहोचलेलाच नसतो. तो वॉलेट चालवणाऱ्या सेवेच्या सर्व्हरवर बंधूंच्या सहीसह पडून असतो, आणि तोच सर्व्हर गूगलच्या किंवा ॲपलच्या यंत्रणेमार्फत तुमच्या फोनला हाक मारतो. या साखळीतला एखादा दुवा निसटला, उदाहरणार्थ फोनच्या बॅटरी-बचतीने ॲप झोपवले, तर सूचना येत नाही. व्यवहार मात्र रांगेत जिथल्या तिथे असतो. एखाद्या संकेतस्थळाने वॉलेटकडे केलेली सहीची विनंती काही मिनिटांत बाद होऊ शकते, पण सामाईक वॉलेटच्या रांगेतला व्यवहार महिनोन्महिने तसाच राहू शकतो. शिवाय प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो, त्यामुळे आधीचा अडला की मागचेही अडतात.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर अनेकांना ठाऊक नसते. तुम्ही गप्प राहिलात म्हणून व्यवहार थांबत नाही. एक सही बंधूंची झालेलीच आहे. तिसऱ्या भावंडाने दुसरी केली की तुम्हाला न विचारता रक्कम जाईल. खरोखर विरोध असेल तर त्याच क्रमांकाचा, काहीही न पाठवणारा दुसरा व्यवहार मांडून तो आधी पूर्ण करावा लागतो, म्हणजे मूळ व्यवहार बाद होतो. त्यालाही दोन सह्या लागतात आणि गॅस शुल्क, म्हणजे ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदवण्याची फी, पडते. म्हणजे तिसऱ्या भावंडाला फोन करण्यावाचून गत्यंतर नाही!

आता सूचना खरी असली तरी काय करावे? तिच्यावर टिचकी मारून थेट सही करू नये. ॲप स्वतः उघडून रांग पाहावी. घेणाऱ्याचा पत्ता ४२ चिन्हांचा असतो आणि आपण आळसाने पहिली चार व शेवटची चार तेवढी ताडून पाहतो. नेमकी तीच जुळणारे पत्ते बनवून भामटे जुन्या व्यवहारांच्या यादीत पेरून ठेवतात. ‘अप्रूव्ह’ या शब्दाचीही एक गंमत आहे. कधी तो एका व्यवहारापुरता असतो, तर कधी तुमच्या टोकनांना (वॉलेटमधल्या डिजिटल नाण्यांना) वाटेल तेव्हा हात घालण्याची कायमची परवानगी एखाद्या कराराला, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, देतो. रकमेच्या जागी ‘अमर्याद’ दिसले तर तिथेच थांबावे.

पडद्यावर दिसते त्यावरच आपण सही करतो असेही नाही. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजच्या (क्रिप्टो चलनाच्या बाजाराच्या) अनेक सह्यांच्या वॉलेटमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर (इथेरियमचे चलन) गेले, तेव्हा सही करणाऱ्यांसमोर नेहमीसारखेच हस्तांतरण दिसत होते. सेवेच्या वेबपानाचा कोडच बदललेला होता. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या अशाच वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली होती. म्हणून सही करण्याची खासगी किल्ली (गुप्त संकेत) वेगळ्या हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे ती जपणाऱ्या छोट्या उपकरणात, ठेवावी, त्याच्या चिमुकल्या पडद्यावर उमटणारा हॅश, म्हणजे त्या व्यवहाराची अक्षर-आकड्यांची ओळखखूण, बंधूंना फोनवर वाचून दाखवावा, आणि त्यांनी तो आपल्याकडच्या हॅशशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहिल्यावरच सही करावी.

रात्री दोनच्या सूचनेला मात्र सकाळपर्यंत थांबू द्यावे. तिकडे तेव्हा दुपार असते, इथे डोळ्यांवर झोप असते.